खांबाजवळचं पाणी

धक्क्यावर गळ घेऊन आलेला नवा माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर असेल नसेल तेवढा जोर लावून आमिष लांब फेकतो. मासा दूर, खोल पाण्यात असणार अशी आपली समजूतच असते. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर त्यात थोडंफार तथ्य आहे, धक्क्यावर मात्र नाही. सपाट वाळूचा तळ माशाला फारसं काही देत नाही. तिथे लपायला जागा नाही, सावली नाही आणि प्रवाहाला अडोसाही नाही. धक्क्याचे खांब तळात रोवले की काही वर्षांत त्यांच्यावर कालवं, शिणाणे, बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचवाले बारीक जीव) यांचा जाड थर बसतो. त्या थराच्या फटींत बारीक खेकडे, कोळंबी आणि किडे राहायला येतात. ते खायला लहान मासे येतात आणि लहानांच्या मागावर मोठे. म्हणून धक्क्यावरची मासेमारी ही बरीचशी पायाखालच्या पाण्यातली मासेमारी आहे. मला हे इतकं ठामपणे वाटतं की कुणी धक्क्यावर पोहोचल्या पोहोचल्या लांब फेकायला हात मागे घेतला, की त्याला थांबवून आधी कठड्यावरून खाली बघायला सांगावंसं वाटतं.

या वेळी ज्याला थांबवायचं होतं तो माझा चौदा वर्षांचा भाचा. तळ्यावर त्याने काठी धरलेली होती, समुद्रावर कधीच नाही. तो बरेच दिवस मागे लागला होता आणि मीही योग्य पाणी येण्याची वाट बघत होते.

योग्य पाणी म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण धक्क्यावरचा दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि त्याला ओढही जबर असते. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी जेमतेम हलतं. नवख्याला घेऊन जायचं तर दोन्ही टोकं नकोत. उधाणाच्या ओढीत वजन तळावर टिकत नाही, सारखा गुंता होतो आणि पोरगं कंटाळतं. भांगाच्या पाण्यात मासा आळसावतो. मी पौर्णिमा उलटल्यानंतरचा असा दिवस निवडला, जेव्हा ओहोटी आणि भरतीच्या पातळीत साधारण २.४ मीटरचा फरक होता. ओहोटी पहाटे ५:५० ला, पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमारास.

पाणी त्या सहा तासांत एकसारखं चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा बाराव्या हिश्शाचा एक जुना हिशोब आहे. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. हा अंदाज आहे आणि सगळ्या किनाऱ्यांना तो लागू पडत नाही, पण जिथे दिवसातून दोन वेळा नियमित भरती येते तिथे बऱ्यापैकी जमतो. आमच्या २.४ मीटरमध्ये तो बसवला तर ७:५० ते ९:५० या दोनच तासांत पाणी १.२ मीटर चढणार होतं. म्हणजे निम्मी भरती त्या दोन तासांत. मासा खातो तो मुख्यतः वाहत्या पाण्यात, कारण तेव्हा खाणं त्याच्या तोंडापाशी वाहत येतं. आम्हाला गळ तयार ठेवून तिथे हजर असायचं होतं ते त्या वेळेला.

आदल्या संध्याकाळी दोरी बांधायला बसलो. धक्क्यावर वारा असतो, हात ओले असतात, आजूबाजूला माणसं असतात. तिथे गाठी मारत बसण्यापेक्षा सात-आठ जोडण्या घरीच तयार करून त्या पुठ्ठ्यावर गुंडाळून न्याव्यात. आमची जोडणी साधी होती. मुख्य तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ०.३५ मिलिमीटरचा. सर्वात खाली वजन म्हणून शिसं आणि त्याच्या वर वीतभर अंतराने निघालेल्या दोन आखूड फांद्या, प्रत्येकीला एक गळ. शिसं मात्र मुख्य तंगूसाला थेट बांधायचं नाही. मधे त्याहून बारीक, कमकुवत तंगूसाचा तुकडा घालायचा. शिसं खडकात किंवा खांबाच्या बुडाशी अडकलं की तो तुकडा तुटतो. तेवढं शिसं जातं, बाकी सगळं परत येतं.

गाठ भाच्याने बांधली. तंगूसाचं टोक गळाच्या डोळ्यातून ओवायचं, मूळ दोरीभोवती पाच वेढे द्यायचे, टोक परत आणून डोळ्याला लागून जो छोटा फासा राहतो त्यातून काढायचं आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फाशातूनही एकदा. तो लगेच आवळायला निघाला, तेव्हा त्याला थांबवलं.

"आधी ओली कर."

"थुंकीने? शी, मावशी!"

थुंकीनेच. कोरडा नायलॉन आवळताना वेढ्यावर वेढा घासतो, तापतो आणि नेमका तिथेच कमकुवत होतो. गाठ ओली करून सावकाश ओढली की पाचही वेढे एकाशेजारी एक नीट बसतात. चिमटीत धरून उजेडाकडे केल्यावर ते मोजता आले पाहिजेत. एखादा वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसला तर ती गाठ कापायची आणि पुन्हा बांधायची. त्याच्या पहिल्या दोन कापाव्या लागल्या, तिसरी माझ्यापेक्षा देखणी झाली.

सकाळी सातला धक्क्यावर पोहोचलो. पाणी नुकतंच चढायला लागलं होतं. खांबांचा वरचा कोरडा भाग, त्याखाली शेवाळाचा हिरवा पट्टा आणि त्याखाली बार्नेकलची पांढुरकी, धारदार पुटं, सगळं उघडं पडलं होतं. धक्क्यावर लवकर यायचं याचं मला सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं. ओहोटीला धक्का आपली रचना दाखवतो. कुठे जुन्या मोडक्या खांबाचं खोड आहे, कुठे दगडांचा ढीग पडला आहे, कुठे दोन खांबांमध्ये स्वच्छ वाळू आहे, हे तेव्हा डोळ्यांनी दिसतं. तासाभरात ते सगळं पाण्याखाली जातं आणि मग दिवसभर आठवणीवर भिस्त.

भाच्याला आधी गळ दिलाच नाही. ध्रुवीकृत काचांचा चष्मा दिला आणि सांगितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल आणि फक्त खाली बघ. या चष्म्याने पाण्यावरची चकाकी निघून जाते आणि दोन-तीन हात आतलं दिसू लागतं. तो परत आला तो उत्साहात. मधल्या खांबाच्या मागे लहान माशांचा थवा एकाच जागी थांबला आहे आणि मधूनच सगळे एकदम दचकतात, असं म्हणाला. एवढंच हवं होतं. लहान मासे दचकतात म्हणजे त्यांना दचकवणारं खाली कुणीतरी आहे.

उभं राहायची बाजू निवडणं हे धक्क्यावरचं निम्मं काम आहे. पाणी एका बाजूने धक्क्याखाली शिरतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. शिरण्याच्या बाजूला उभं राहिलं तर दोरी वाहत आपल्याच पायाखाली जाते, खांबांना घासते, गुंडाळली जाते. बाहेर पडण्याच्या बाजूला उभं राहिलं तर दोरी आपल्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात तणून राहते. शिवाय खांबाला आपटून फुटलेलं पाणी त्याच्या पाठीमागे भोवरे करत मंदावतं आणि त्या मंद पाण्यात मासा कमी कष्टात उभा राहू शकतो. आम्ही मधल्या खांबाशी, बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बाजूला जागा धरली. तिथून जीवरक्षक कडं कुठे टांगलेलं आहे ते भाच्याला दाखवलं, त्याच्या जाकिटाचे पट्टे ओढून बघितले आणि मगच पेटी उघडली.

आमच्याकडे दोन रॉड होते. हलका रॉड दोन खांबांमधल्या वाळूच्या पट्ट्यासाठी, त्याला ६ नंबरचे बारीक गळ आणि सोललेल्या कोळंबीचे नखाएवढे तुकडे. जड रॉड खांबाजवळ सोडायला, त्याला ०.५० मिलिमीटरचा जाड पुढचा तंगूस आणि २/० मापाचा मोठा वर्तुळाकार गळ, त्यावर माकुलाची पट्टी. माकूल चिवट असतं, बारीक मासे कुरतडून ते लगेच संपवू शकत नाहीत. कोळंबी जास्त मोहात पाडते पण टिकत नाही. आमिष ओवताना गळाचं टोक उघडं ठेवायचं हे मी आवर्जून सांगते. पुष्कळ लोक गळ पूर्ण झाकतात, माशाला दिसू नये म्हणून. त्याने आमिषाचा गोळा गळाच्या वाकात भरून बसतो आणि टोक रुतायला जागाच राहत नाही.

वाळूचा पट्टा वीसेक हात दूर होता, म्हणून हलका रॉड थोडा फेकावा लागणार होता. धक्क्यावर डोक्यावरून झोकून फेकणं मला आवडत नाही. मागे कोण कधी येईल सांगता येत नाही आणि साठ ग्रॅमचं शिसं कपाळावर बसलं तर जीवावर बेततं. रॉडचं टोक कठड्याबाहेर खाली धरायचं, शिसं लोलकासारखं झुलवायचं आणि पुढे जाताना बोट सोडायचं. तेवढ्याने पुरेसं लांब जातं. भाच्याने मागे वळून बघितलं, "टाकतोय!" म्हणून मोठ्याने ओरडला आणि सोडलं. शिसं तळाला टेकलं की दोरी क्षणभर सैल पडते. तेव्हा रीलची कडी लावायची, ढील गुंडाळून घ्यायची आणि दोरी तर्जनीवर घ्यायची. रॉडचं टोक हलताना डोळ्यांना दिसतं, पण बोटाला त्याच्याआधी कळतं.

आठच्या सुमाराला पाण्याने वेग घेतला आणि टोचण्या सुरू झाल्या. मुडदुशी चावते ती अशी, की टक्‌, टक्‌ आणि मग एक छोटासा हिसका. भाचा पहिल्या टकेलाच रॉड वर उचलत होता आणि रिकामा गळ वर येत होता. मी त्याला हाताने अडवलं नाही, एवढंच सांगितलं की तिसरं काय येतं ते बघ. पुढच्या वेळी तो थांबला, हिसका आला, त्याने मनगट वर केलं आणि वाळूच्या रंगाची, चांदीसारखी झळकणारी वीतभर मुडदुशी वर आली. पाठोपाठ आणखी दोन. तिचं तोंड अगदी लहान असतं, वाळूतले किडे आणि बारीक कोळंबी टिपून खाणारं. ६ नंबरचा गळ त्यासाठीच.

मग बराच वेळ नुसतीच गंमत. एकदा आमिष नुसतंच चाटूनपुसून साफ झालं, टोचणी न येता. तो खेकडा. वर ओढताना आधी जडशीळ ओझं लागतं आणि पृष्ठभागाशी आलं की अचानक हलकं होतं, कारण त्याने सोडून दिलेलं असतं. एकदा फांदीच गळासकट गेली. भाच्याला तुटलेलं टोक बोटावर धरायला सांगितलं. माझ्या मते तुटलेलं टोक न बघता फेकून देणारा माणूस फुकटची माहिती फेकून देतो. टोक खरबरीत, पांढुरकं झालेलं असेल तर दोरी खांबाला घासली आहे. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सुटली आहे, दोरी तुटलेली नाही. आणि कात्रीने कापावं तसं स्वच्छ असेल तर काहीतरी चावलं आहे. आमचं टोक स्वच्छ होतं. दहा मिनिटांनी त्याच जागी केंड सापडला, पोट फुगवून, पोपटासारख्या चोचीचे दात कटकट वाजवत. केंडाच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते शिजवूनही जात नाही, तेव्हा तो खाण्याचा प्रश्नच नाही. लांब चिमट्याने गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडला.

शिंगाळा आला तेव्हा मात्र मी रॉड स्वतःच्या हातात घेतला. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारख्या कडांचे, आणि त्यांच्यावरच्या त्वचेत विष असतं. काटा लागला की वेदना हातभर चढते. मासा जमिनीवर तडफडत असताना त्याला पायाने दाबायला जाणं हे सगळ्यात वाईट, काटा पातळ चपलेच्या तळातून आरपार जाऊ शकतो. मी त्याला कठड्याबाहेर लटकताच ठेवला, चिमट्याने गळाची दांडी पकडून उलटी फिरवली आणि तो आपल्याच वजनाने सुटून पाण्यात पडला. काटा लागलाच तर काय करायचं, हेही भाच्याला तिथेच सांगितलं. जखम धुवायची आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंतच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. पाण्याची उष्णता आधी न दुखावलेल्या हाताने तपासायची, कारण दुखणाऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. वेदना त्याने बरीच उतरते. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज वाढत असेल तर डॉक्टर गाठायचा. आम्ही थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन जातो ते त्यासाठी.

नऊनंतर पाण्याची ओढ इतकी झाली की साठ ग्रॅमचं शिसं तळावर घसरू लागलं. नव्वद ग्रॅमचं लावलं. जड रॉडला खांबामागच्या आमिषावर दोनदा जोरदार धक्के बसले, पण दोन्ही वेळा मासा गळ न लागता निसटला. कुठला होता, दिसला नाही.

साडेअकराला सगळं थांबलं. भरती पूर्ण होत आली की पाणी चढणं जवळजवळ बंद होतं, दोरी ताणाशिवाय उभी लोंबते आणि चावणंही बंद पडतं. आजूबाजूची बरीच मंडळी गाशा गुंडाळून निघाली. त्यांना मासा "संपला" असं वाटतं. तो संपत नाही, थांबतो. भाच्याची चुळबुळ सुरू झाली. त्याला पृष्ठभागावरून फिरणारे लांब चोचीचे टोळ मासे दिसले होते आणि बोयींचा एक थवा खांबांवरचं शेवाळ खरवडत होता. बोय शेवाळ, गाळ, त्यातले बारीक जीव खाते, कोळंबीच्या तुकड्याकडे ढुंकून बघत नाही. टोळासाठी फ्लोट, म्हणजे आमिष वरच्या पाण्यात ठेवणारा तरंगता तुकडा, लावून दिला. टोळाने दोनदा फ्लोट पळवला, लागला नाही. तेवढ्यात अर्धा तास बरा गेला.

साडेबाराला पाणी उलटं फिरू लागलं. मी सामान उचललं आणि धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला निघाले.

"मावशी, इथेच तर मिळत होते की!"

"खांब तोच रे. त्याची मागची बाजू आता तिकडे आहे."

हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कायमचं कळतं. सकाळी ज्या बाजूला भोवरे होते तिथे आता पाणी येऊन आपटत होतं आणि ज्या बाजूला आपटत होतं तिथे ते शांत, गुळगुळीत वळणं घेत होतं. लहान माशांचा तोच थवा खांबाला वळसा घालून या बाजूला आला होता. भाच्याने आपण होऊनच चष्मा लावला, वाकून बघितलं आणि जड रॉडचं आमिष खांबापासून हातभर अंतरावर सरळ खाली सोडलं. फेकायचं नावही काढलं नाही.

वर्तुळाकार गळाला हिसका द्यायचा नसतो. मासा आमिष घेऊन वळतो, दोरी ताणली जाते आणि गळ सरकत सरकत जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. आपण फक्त ताण वाढू द्यायचा आणि गुंडाळत राहायचं. पण खांबाजवळ एक अडचण असते. गळ लागलेला मासा पहिली धाव खांबाकडेच घेतो आणि बार्नेकलला एकदा दोरी घासली की संपलं. तेव्हा पहिली पाच सेकंदं महत्त्वाची. रीलचा ब्रेक आधीच घट्ट ठेवायचा आणि मासा डोकं वळवायच्या आत त्याला खांबापासून तोडायचं.

रॉड वाकला तो मुठीपर्यंत. भाच्याचे दोन्ही हात कठड्याच्या पट्टीवर ओढले गेले. मी त्याच्या जाकिटाची पाठ धरली आणि म्हटलं, "गुंडाळू नको आता, नुसता मागे हो." तो दोन पावलं मागे सरकला, मासा खांबापासून हातभर सुटला, मग त्याने रॉड खाली नेत नेत गुंडाळलं, पुन्हा उचललं. पाण्यात तांबूस पाठ चमकली. तांबोशी.

आता खरं अवघड काम. पाणी आमच्यापासून तीनेक मीटर खाली होतं. मासा पाण्यात असतो तोवर त्याला जवळजवळ वजनच नसतं, पाण्याबाहेर निघाला की त्याचं सगळं वजन गळाच्या त्या एका टोकावर येतं. तंगूस तुटतोच असं नाही, पण जबड्याचं भोक फाटतं किंवा रॉडचं टोक मोडतं. त्यासाठी दोरीने खाली सोडायचं गोल कडीचं जाळं न्यायचं. जाळं पाण्यात आधी बुडवून स्थिर धरायचं आणि मासा त्याच्यावर आणायचा. जाळं घेऊन माशाच्या मागे धावलं की तो बिथरतो आणि कडी दोरीवर आपटते. मी जाळं प्रवाहाच्या खालच्या बाजूला बुडवलं. भाच्याने मासा दमेपर्यंत धीर धरला, त्याचं डोकं वर आणलं आणि त्याला प्रवाहाबरोबर माझ्या जाळ्यावर येऊ दिलं. मी उचललं.

ओल्या फडक्यावर ठेवून मोजली. ३४ सेंटिमीटर. गळ जबड्याच्या बरोबर कोपऱ्यात.

"सोडायची," मी म्हटलं.

त्याचा विश्वासच बसेना. "एवढी मोठी?"

तांबोशी मीटरभरापर्यंत वाढू शकते. खाड्यांत, तिवरांत, धक्क्यांच्या खांबांशी सापडतात त्या बहुतेक लहान वयाच्या. मोठी झाली की ती खोल समुद्रातल्या खडकांकडे जाते आणि तिथे अंडी घालते. ३४ सेंटिमीटरची तांबोशी अजून एकदाही व्यालेली नसते. किती लांबीच्या खालचा मासा ठेवायचा नाही याचे नियम जिथे आहेत तिथे ते पाळायचेच, आणि नियम नसला तरी मी या माशाच्या बाबतीत माझं माप लावते. भाचा चिडला होता आणि मला ते समजत होतं. त्याने मिळवलेला तो सगळ्यात मोठा मासा होता. मी समजूत काढत बसले नाही, कारण मासा पाण्याबाहेर होता.

सोडायचीही रीत असते. हात आधी ओले करायचे, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला जंतूंपासून वाचवतो आणि कोरड्या हाताने तो निघून जातो. जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही, पोटाखाली हात देऊन आडवा धरायचा. आणि एवढ्या उंचीवरून पाण्यात फेकायचा तर मुळीच नाही, पाण्यावर आपटून तो सुन्न होतो. ज्या जाळ्यातून वर आला त्याच जाळ्यात ठेवून खाली सोडायचा. दोरी भाच्याच्या हातात दिली. त्याने जाळं पाण्यात बुडवलं, तांबोशी थोडा वेळ कल्ले उघडझाप करत तशीच राहिली आणि मग कडीवरून सरळ खांबाच्या दिशेने गेली. त्यानंतर तो बराच वेळ माझ्याशी बोलला नाही.

ठेवल्या त्या फक्त मुडदुशा. ठेवायचा मासा तडफडत मरू देऊ नये. डोळ्यांच्या किंचित मागे डोक्यावर जड दांडक्याचा एकच नेमका फटका, मग कल्ल्याशी चीर देऊन रक्त जाऊ द्यायचं आणि लगेच बर्फात. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा बर्फात समुद्राचं पाणी घालून केलेला लगदा चांगला. तो माशाला सगळीकडून लागतो आणि खारं पाणी शून्याच्याही खाली, उणे १.९ अंशांच्या आसपास गोठत असल्याने तो साध्या बर्फाच्या पाण्यापेक्षा थंड राहतो.

तीन वाजता आवरलं. पाणी अजून उतरत होतं, पण ऊन डोक्यात जायला लागलं होतं. आवरताना मी कठड्याला, खिळ्यांना अडकलेले दुसऱ्यांचे तंगूसाचे गुंतेही काढते. याविषयी मला मनापासून तळमळ वाटते. पूर्वी गळाची दोरी रेशमाची, तागाची, घोड्याच्या शेपटीच्या केसांची असायची. ती कुजायची. १९३५ साली ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन बनवलं आणि गळाच्या दोरीचं नशीब पालटलं. पण जी चिवट आहे म्हणून आपण वापरतो, तीच पाण्यात पडली की वर्षानुवर्षं तशीच राहते आणि पक्ष्यांच्या पायांत, कासवांच्या मानेभोवती आवळते. भाच्याने न सांगता एक गुंता उचलला, त्यात गंजलेला गळ होता. तो आधी चिमट्याने तोडायला लावला. गुंता तसाच कचऱ्यात टाकायचा नाही, बोटभर लांबीचे तुकडे करून टाकायचा, म्हणजे पुढे कुठे गेला तरी कुणाच्या गळ्यात पडणार नाही.

घरी आल्यावरचं काम कंटाळवाणं असतं आणि तेच टाळलं जातं. रॉड आणि रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायचे. जोराचा फवारा मारला तर मीठ आत ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवायचे, रीलचा ब्रेक सैल करून ठेवायचा, नाहीतर आतल्या चकत्या दाबून बसतात. तंगूसाचा शेवटचा दोन-तीन मीटर भाग बोटांच्या चिमटीतून फिरवून बघायचा, खरबरीत लागला तर तेवढा कापून टाकायचा. आमच्या जड रॉडचा तर हातभर आतपर्यंत सोलवटला होता. तांबोशी आणखी एक धाव खांबाकडे गेली असती तर ती हाताला लागली नसती. भाच्याने तो कापलेला तुकडा बराच वेळ नखाने घासून बघितला.

मग त्याने भरतीचं वेळापत्रक मागितलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे त्याला सकाळीच सांगितलं होतं. त्याने कागदावर बेरीज केली आणि पंधरवड्याने भरती पुन्हा दुपारी बाराच्या आसपासच येते हे स्वतःच शोधून काढलं. आकड्यांवरून बोट फिरवत त्याने त्या दिवसाचा चढ काढला, २.६ मीटर, आणि विचारलं, "ओढ जरा जास्त असणार ना? मग साठऐवजी सरळ नव्वदचंच शिसं बांधून नेऊ या का?"

मी म्हटलं, दोन्ही बांध.